यीस्टला ऑक्सिजन संपल्याचं कळतं कसं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा सापडेल. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही बेकरीच्या यीस्टचा, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसिएचा, बीवाय४७४१ हा वाण घेतलात. ग्लुकोजच्या मीडियात तो शेकरवर वाढवलात, मग बाटलीत नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढून टाकलात आणि अर्धा, दीड, तीन आणि सहा तासांनी नमुने घेऊन काही जनुकांचा आरएनए मोजलात, म्हणजे कोणतं जनुक किती चालू आहे ते पाहिलंत. अर्ध्या तासाला फारसं काहीच हललं नाही. दीड तासाला एएनबी१ आणि हेम१३ ही जनुकं चढू लागली. डॅन१ सहा तासांनी कुठे जेमतेम दिसलं. सीवायसी१ खाली यायला हवं होतं, ते जवळपास होतं तिथेच राहिलं. आणि सगळ्यांत जास्त खटकलं ते हे, की हेम१३ या जनुकावरून जे एन्झाइम बनतं त्या एन्झाइमला स्वतःलाच ऑक्सिजन लागतो. मग ऑक्सिजन नसताना पेशी नेमकं तेच का वाढवते? यावर तुम्हाला 'प्रयोग गंडलाय, पुन्हा करा' असं सांगण्यात आलं.

मला नाही वाटत प्रयोग गंडलाय. तुमच्या आकड्यांत यीस्टची सगळी गोष्ट दिसतेय. फक्त ती वाचायला एक गृहीतक सोडावं लागेल. आपण धरून चालतो की पेशीत कुठेतरी ऑक्सिजन ओळखणारं एक प्रथिन बसलेलं असेल आणि ऑक्सिजन संपला की ते घंटा वाजवत असेल. बेकरीच्या यीस्टचा मुख्य कारभार असा चालत नाही. ज्या घरात पाणी दिवसाआड येतं, तिथली बाई नळापाशी उभी राहत नाही, ती पिंपात हात घालून पातळी बघते. यीस्टची पेशीही तसंच करते. ऑक्सिजनशिवाय जे बनूच शकत नाही, ते घरात किती उरलंय हे ती पाहते. अशी तीन पिंपं आहेत: हीम (हिमोग्लोबिनमध्ये असतो तो लोखंड धरणारा रेणू), स्टेरॉल (पेशीपटलातले कोलेस्टेरॉलसारखे रेणू) आणि असंपृक्त मेदाम्लं. नळ एकदम बंद झाला तरी तिन्ही पिंपं एकाच वेळी रिकामी होत नाहीत. तुमच्या वेगवेगळ्या जनुकांच्या वेगवेगळ्या वेळांचं मूळ इथे आहे.

हीमपासून सुरुवात करू, कारण बहुतेक कारभार त्याच्याकडे आहे. यीस्टमध्ये हीम आठ पायऱ्यांनी बनतं. पहिली पायरी मायटोकॉन्ड्रियात, मधल्या काही बाहेर पेशीद्रवात, शेवटच्या पुन्हा मायटोकॉन्ड्रियात. यातल्या सहाव्या आणि सातव्या पायरीला थेट ऑक्सिजनचा रेणू लागतो. सहावी पायरी तुमच्या हेम१३ची, सातवी हेम१४ची. शेवटच्या पायरीला लोखंड बसतं. म्हणजे पेशीत हीम आहे याचा अर्थ तिला नुकताच ऑक्सिजन मिळत होता आणि लोखंडही होतं. ही खूण मला फार शहाणपणाची वाटते. नुसता ऑक्सिजन आजूबाजूला असून भागत नाही, तो वापरता आला पाहिजे. ज्या पेशीला हीमच बनवता येत नाही तिला हवेचा काय उपयोग? श्वसनसाखळीतली सायटोक्रोम नावाची प्रथिनं हीमशिवाय चालतच नाहीत.

हीमची पातळी वाचणारं प्रथिन म्हणजे हॅप१. १९८० च्या दशकात एमआयटीत लिओनार्ड ग्वारेन्टी यांच्या प्रयोगशाळेत सीवायसी१ या श्वसनाच्या जनुकाच्या प्रमोटरवर, म्हणजे ते जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या भागावर, काम चाललं होतं, त्यातून ते पुढे आलं. हॅप१ जवळपास १५०० अमिनो आम्लांचं लांबलचक प्रथिन आहे. एका टोकाला डीएनएला धरणारा जस्ताचा भाग, दुसऱ्या टोकाला जनुक चालू करणारा भाग, आणि त्यात सिस्टीन-प्रोलीन अशी जोडी असलेले हीम पकडणारे सात छोटे तुकडे. हीम नसेल तेव्हा हॅप१ला एचएसपी९० आणि त्याच्या सोबतचे चॅपरोन, म्हणजे इतर प्रथिनांना सांभाळणाऱ्या प्रथिनांचे, रेणू गराडा घालून बसलेले असतात, त्याचं चालू करण्याचं काम दबलेलं राहतं. हीम येऊन बसलं की हा गराडा बदलतो आणि हॅप१ जोमाने कामाला लागतं. किती हीम? हे ऐकून मी स्वतः थक्क झाले होते. पेशीतलं बहुतेक हीम प्रथिनांत घट्ट अडकलेलं असतं. मोकळं, हाताशी असलेलं हीम अगदी थोडं. २०१६ साली हीमला प्रतिसाद देणाऱ्या चमकत्या प्रथिनांनी ते जिवंत यीस्टमध्ये मोजलं गेलं: पेशीद्रवात २० ते ४० नॅनोमोलर, केंद्रकात २.५ नॅनोमोलरपेक्षाही कमी. पिंप मोठं असलं तरी पेशी ज्यात बोट बुडवून बघते तो पेला इतका लहान आहे.

हॅप१ दोन प्रकारची कामं करतं. हवेतली जनुकं ते स्वतः चालू करतं: श्वसनाची सीवायसी१सारखी, ऑक्सिजनच्या घातक रूपांपासून वाचवणारी सीटीटी१सारखी, शिवाय स्टेरॉल बनवणारी काही. आणि दुसरं म्हणजे ते रॉक्स१ नावाचं जनुक चालू करतं. रॉक्स१ हे दाबणारं प्रथिन आहे. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या ऑल्बनी केंद्रात रिचर्ड झिटोमर यांच्या गटाने त्यावर वर्षानुवर्षं खपून काम केलं. रॉक्स१ डीएनएवरची एटीटीजीटी ही अक्षरं मधोमध असलेली खूण ओळखून बसतं आणि एसएसएन६-टप१ या जोडगोळीला बोलावून घेतं. ही जोडगोळी त्या प्रमोटरवर क्रोमॅटिन, म्हणजे प्रथिनांवर गुंडाळलेला डीएनए, आवळते, चालू करणाऱ्या प्रथिनांना जवळ फिरकू देत नाही. ज्यांच्यावर रॉक्स१ बसतं ती कमी ऑक्सिजनची जनुकं: एएनबी१, हेम१३, कॉक्स५बी, एएसी३ वगैरे.

आता साखळी सरळ लावा. हवा आहे, म्हणून हीम आहे, म्हणून हॅप१ जागं आहे, म्हणून रॉक्स१ बनतंय, म्हणून एएनबी१ गप्प. हवा गेली की हीम उतरतं, हॅप१ सुस्तावतं, रॉक्स१ नव्याने बनत नाही आणि जुनं टिकत नाही, मग एएनबी१ आणि हेम१३ वरचा हात उठतो. यात चालू करणारं नवं काही आलेलं नाही, दाबणारा हात सुटलाय एवढंच. रॉक्स१ स्वतःच्या जनुकालाही दाबतं, त्यामुळे हवेत असतानाही त्याचा साठा फुगत नाही. म्हणूनच ते लवकर ओसरतं.

मग दीड तास का लागतो? नायट्रोजनने मीडियातला ऑक्सिजन मिनिटांत निघतो. ३० अंशांना हवेशी समतोल असलेल्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेला असतो, म्हणजे २३० मायक्रोमोलरच्या घरात. जोमात वाढणारं यीस्ट ते स्वतःच भराभर संपवतं. १९२५ साली केम्ब्रिजमध्ये डेव्हिड केलिन स्पेक्ट्रोस्कोपमधून यीस्टचा दाट काला बघत होते. त्यांना सायटोक्रोमच्या काळ्या पट्ट्या दिसत. काला हवेत हलवला की पट्ट्या नाहीशा होत, आणि थोडा वेळ ठेवला की पेशी ऑक्सिजन पिऊन टाकत आणि पट्ट्या परत उमटत. इतकं ते झटपट होतं. पण हीम तसं जात नाही. हीम मोडणारं एन्झाइम म्हणजे हीम-ऑक्सिजनेज, आणि नावावरूनच कळतं, त्यालाही ऑक्सिजन लागतो! नळ बंद झाला की पिंपाची तोटीही बंद. मग आधीचं हीम कमी होण्याचा मोठा मार्ग उरतो तो पेशी दुभंगून वाटणी होण्याचा. ग्लुकोजवर तुमचं यीस्ट साधारण दीड तासात दुप्पट होतं, आणि तुमची जनुकं दीड तासालाच चढू लागली. याला मी योगायोग म्हणणार नाही. हीच बाटली वाढ थांबलेल्या पेशींची असती तर तुम्हाला बराच जास्त काळ वाट बघावी लागली असती. म्हणून अशा प्रयोगांत वेळ घड्याळात मोजण्याबरोबर पिढ्यांतही मोजा. दर नमुन्याला ओडी, म्हणजे कल्चर किती दाट झालं त्याचं माप, लिहून ठेवलीत का? नसेल तर पुढच्या वेळी ठेवा.

आता तुम्हाला खटकलेला मुद्दा. ऑक्सिजन लागणारं एन्झाइम ऑक्सिजन नसताना का वाढवायचं? विद्यार्थिनी असताना मीही यावर अडले होते, आणि पाठ्यपुस्तकात याचं उत्तर मला कधी नीट सापडलं नाही. गफलत 'नसताना' या शब्दात आहे. निसर्गात यीस्टला नायट्रोजनची बाटली भेटत नाही. फळाच्या गरात, रसाच्या तळाशी ऑक्सिजन हळूहळू उतरतो: आधी भरपूर, मग थोडा, मग नावापुरता, मग शून्य. हेम१३ त्या 'नावापुरता' टप्प्यासाठी आहे. हाताशी ऑक्सिजनचे मोजके रेणू असतील तर ते पकडायला जाळं मोठं हवं, म्हणजे एन्झाइमच्या प्रती जास्त हव्यात. हेच तुम्हाला ओली१मध्ये दिसेल, जे संपृक्त मेदाम्लात दुहेरी बंध घालतं आणि त्यासाठी ऑक्सिजन घेतं. स्टेरॉल बनवणाऱ्या एर्ग जनुकांतही दिसेल. एर्गोस्टेरॉल या यीस्टच्या मुख्य स्टेरॉलचा एक रेणू बनवायला ऑक्सिजनचे बारा रेणू खर्च होतात. इतका महाग माल आहे तो. कॉक्स५बी तर याहून सुंदर उदाहरण आहे. सायटोक्रोम ऑक्सिडेज या श्वसनाच्या शेवटच्या यंत्राचा एक भाग यीस्ट दोन जनुकांतून बनवतं. हवा असताना कॉक्स५ए, आणि ऑक्सिजन १ मायक्रोमोलरच्या आसपास किंवा त्याखाली आला की कॉक्स५बी. कॉक्स५बी बसवलेलं यंत्र दर सेकंदाला जास्त काम उरकतं. हवेतल्या पातळीच्या दोनशेव्या हिश्शावर आलेली पेशी श्वसन सोडून देत नाही, यंत्राचा सुटा भाग बदलून उरलेला थेंबन्‌थेंब वापरते.

पूर्ण शून्य झाल्यावर मात्र हे जाळं रिकामंच. त्या वेळी हेम१३चं भरपूर प्रथिन नुसतं बसून असतं. पेशीला पुढचं माहीत नसतं. थोडी हवा परत आली तर पहिला हिस्सा तिचा.

दुसरं पिंप स्टेरॉलचं, आणि इथे तुमच्या डॅन१चं उत्तर आहे. १९५३ आणि १९५४ मध्ये अँड्रियासन आणि स्टिअर यांनी दाखवलं, की पूर्ण ऑक्सिजनविरहित वाढणाऱ्या या यीस्टला एर्गोस्टेरॉल आणि असंपृक्त मेदाम्ल बाहेरून द्यावंच लागतं. आजही आपण त्याच आधारावर मीडियात लिटरला १० मिलिग्रॅम एर्गोस्टेरॉल आणि ४२० मिलिग्रॅम ट्वीन-८० घालतो. ट्वीन-८०मधलं ओलेइक आम्ल हे ते मेदाम्ल. पण गंमत अशी, की हवेत वाढणारं यीस्ट बाहेरचं स्टेरॉल आत घेतच नाही. स्वतःचं बनवता येत असताना बाहेरच्याला दार बंद. हे दार उघडणारं प्रथिन म्हणजे यूपीसी२. त्याच्या शेवटच्या भागात एक खोबण आहे, तिच्यात एर्गोस्टेरॉल बसतं. बसलेलं असेल तोवर यूपीसी२ केंद्रकाबाहेर थांबतं. स्टेरॉल घटलं की खोबण रिकामी होते, प्रथिनाची ठेवण बदलते, ते केंद्रकात जातं आणि कामाला लागतं. एयूएस१ आणि पीडीआर११ हे स्टेरॉल आत ओढणारे पंप चालू होतात. एर्ग जनुकं चढतात. आणि डॅन, टिर ही घराणी उघडतात.

डॅन आणि टिर ही पेशीभित्तिकेतली मॅनोप्रथिनं, म्हणजे साखर जोडलेली प्रथिनं, आहेत. ऑक्सिजन नसलेली पेशी आपल्या भिंतीच्या विटाच बदलते: हवेतली सीडब्ल्यूपी१, सीडब्ल्यूपी२ जातात, डॅन आणि टिर येतात. स्टेरॉलसारखा चिकट, पाण्यात न मिसळणारा रेणू आत येण्यासाठी हा बदल लागतो असं मानलं जातं, आणि मला ते पटतं. डॅन१ला उशीर होण्याची कारणं दोन. एक, स्टेरॉलचं पिंप मोठं आहे. पेशीपटलात ते भरपूर असतं आणि काही मेदथेंबांत साठवून ठेवलेलं असतं. ते उतरायला पिढ्या जातात. दुसरं, डॅन१वर फक्त रॉक्स१चा हात नाही, मॉट३ नावाचं आणखी एक दाबणारं प्रथिन तिथे बसतं. वर यूपीसी२ने ढकलल्याशिवाय ते चालू होत नाही. हात उठला आणि कोणी ढकललं, दोन्ही जुळावं लागतं. एएनबी१ला एवढं लागत नाही.

आणि डॅन१ला खराखुरा शून्य लागतो. हे मी फार महागात शिकले. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या फर्मेंटरमध्ये एएनबी१ छान चढायचं, कॉक्स५बी चढायचं, आणि डॅन१ मात्र हलायचं नाही. चार महिने गेले. प्राइमर बदलले, आरएनए काढायची पद्धत बदलली, नवीन वाण आणला. एक दिवस मीडियात थोडं रेझाझुरिन टाकलं. हा रंग ऑक्सिजन पूर्ण गेला की रंगहीन होतो, थोडाही असला तर गुलाबी राहतो. फर्मेंटरचा तळ रंगहीन आणि नळीच्या तोंडाशी, जिथून नायट्रोजन आत येत होता तिथे, फिकट गुलाबी वलय. नळी सिलिकॉनची होती. सिलिकॉनमधून ऑक्सिजन खुशाल आत झिरपतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. नळी बदलली, सिलिंडरच्या नायट्रोजनमधला उरलासुरला ऑक्सिजन शोषायला मध्ये एक गरम तांब्याचा स्तंभ बसवला, आणि पुढच्याच आठवड्यात डॅन१ वर आलं. तुमच्या बाटलीत सहा तासांनी जेमतेम दिसलेलं डॅन१ मला हेच सांगतंय. तुमच्याकडे ऑक्सिजन खूप कमी आहे, पण शून्य नसावा.

तिसरं पिंप मेदाम्लांचं. तुम्ही ते मोजलं नाहीत, पण मला राहवत नाही म्हणून थोडं सांगते, कारण ऑक्सिजनचा अंदाज घ्यायची ही पद्धत मला सगळ्यांत देखणी वाटते. ओली१ चालू करणारं प्रथिन म्हणजे एमजीए२. ते केंद्रकात नसतं, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात शेपटी रोवून बसलेलं असतं. पटलात असंपृक्त मेदाम्लं पुरेशी असतील तर पटल सैल, वाहतं असतं. ती कमी झाली की पटल घट्ट होतं, जसं थंडीत तूप आळतं. एमजीए२च्या पटलात रुतलेल्या हेलिक्सवर, म्हणजे स्प्रिंगसारख्या वळलेल्या भागावर, १०४२व्या जागी एक ट्रिप्टोफॅन आहे. मोठं, बोजड अमिनो आम्ल. पटल घट्ट झालं की त्याला तिथे जागा उरत नाही आणि हेलिक्स स्वतःभोवती वळते. २०१६ मध्ये हे दाखवलं गेलं. हेलिक्स वळली की आरएसपी५ हे एन्झाइम एमजीए२वर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावतं, प्रोटिएसोम हे प्रथिनं कापणारं यंत्र पुढचा तुकडा कापून सोडतं, आणि तो केंद्रकात जाऊन ओली१ चालू करतो. म्हणजे पेशी इथे ऑक्सिजनसुद्धा मोजत नाही, मेदाम्लसुद्धा मोजत नाही, पटल किती आळलंय ते चाचपते. म्हणून थंडीनेही हाच मार्ग चालू होतो, आणि ट्वीन-८० घातलेल्या मीडियात ओली१ दबलेलं राहतं. पुढे कधी ओली१ मोजलंत तर मीडियात ट्वीन आहे का ते आधी बघा, नाहीतर पुन्हा 'प्रयोग गंडला' ऐकावं लागेल.

आता सीवायसी१. ते हललं नाही याला दोन कारणं असावीत, आणि दोन्ही तुमच्या हातात आहेत. पहिलं ग्लुकोज. हे यीस्ट भरपूर ग्लुकोज असेल तर हवा असूनही श्वसन बाजूला ठेवतं आणि अल्कोहोल बनवतं, याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. श्वसनाच्या जनुकांना हॅप२, ३, ४ आणि ५ या चौकडीचा जोर लागतो, आणि त्यातलं हॅप४ ग्लुकोजमध्ये दबलेलं असतं. म्हणजे तुमचं सीवायसी१ हवेतही आधीच खाली होतं. खालचं आणखी किती खाली जाणार?

दुसरं कारण तुमच्या वाणात आहे, आणि ते कळल्यावर मी माझ्या जुन्या वह्या परत उघडल्या होत्या. बीवाय४७४१ हा एस२८८सीच्या वंशातला आहे. एस२८८सी म्हणजे ज्याचा पूर्ण जीनोम १९९६ मध्ये जगापुढे आला तो वाण, सोळा गुणसूत्रं आणि सुमारे सहा हजार जनुकं. या वंशात हॅप१ जनुकाच्या शेवटाजवळ टीवाय१ हा फिरता डीएनए घुसलेला आहे. १९९९ मध्ये हे उघड झालं. त्यामुळे तयार होणारं हॅप१ पंगू असतं. जगभर सगळ्यांत जास्त वापरल्या जाणाऱ्या यीस्टच्या वाणात ऑक्सिजनची पातळी सांगणारं मुख्य प्रथिनच धड नाही! रॉक्स१ची बाजू तरीही बऱ्यापैकी चालते, म्हणून तुमचं एएनबी१ चढलं. पण हॅप१ने थेट चालू व्हायची ती जनुकं, सीवायसी१सारखी, या वाणात आधीपासूनच मरगळलेली असतात. मला याची चीड येते, कारण ऑक्सिजनवरचे कितीतरी प्रबंध या वाणात झालेत आणि पद्धतींच्या पानावर याचा उल्लेख नसतो. तुम्ही तो करा. डब्ल्यू३०३ वाण मिळवता आला तर त्यात हॅप१ धड आहे. नाहीतर हॅप१ दुरुस्त केलेला एस२८८सी मागवा.

हीमच निरोप्या आहे हे सिद्ध करायला दोन जुने, फार सोपे प्रयोग आहेत. प्रकल्पात एक तरी घालाच. पहिल्यात हेम१ काढून टाकलेला वाण घ्यायचा. हीम बनवायची पहिली पायरीच नाही, म्हणून त्याला एर्गोस्टेरॉल, ट्वीन-८० आणि मिथिओनिन देऊन वाढवायचं. हा वाण भर हवेत, शेकरवर, जणू ऑक्सिजनच नाही असं वागतो: एएनबी१ आणि हेम१३ चढलेली. मग त्याला अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल दिलं, मिलिलिटरला २५० मायक्रोग्रॅम, की पुढच्या पायऱ्या चालू होतात, हीम बनतं आणि एएनबी१ खाली येतं. ऑक्सिजन तोच, फक्त हीम बदललं. दुसरा प्रयोग उलटा आहे. ऑक्सिजन नसलेल्या पेशींना हीम किंवा त्यासारखं ड्यूटेरोपॉर्फिरिन बाहेरून दिलं, तर हवा नसताना ही जनुकं दबतात. नळ बंद असताना पिंपात बाहेरून पाणी ओतण्यासारखंच.

सगळी यीस्ट असं करत नाहीत, एवढं मात्र लक्षात ठेवा. दुभंगून वाढणाऱ्या शिझोसॅकरोमायसिस पोम्बेमध्ये काम वेगळ्या प्रथिनांकडे आहे. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये पीटर एस्पेनशेड यांच्या गटाने दाखवलं, की तिथे स्टेरॉल घटलं की एसआरई१ हे पटलात अडकलेलं प्रथिन कापलं जातं आणि केंद्रकात जातं. आपल्या शरीरात कोलेस्टेरॉलचं नियमन करणाऱ्या प्रथिनाचं हे सख्खं भावंड. शिवाय तिथे ओएफडी१ नावाचं एन्झाइम आहे, आपल्या शरीरातल्या ज्या ऑक्सिजन-जाणीवेसाठी २०१९चं नोबेल दिलं गेलं त्या घराण्यातलं. हवा असताना ते एसआरई१चा नाश लवकर घडवून आणतं. म्हणजे पोम्बेमध्ये पिंपही बघतात आणि नळही. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स या मेंदूला संसर्ग करणाऱ्या बुरशीतही एसआरई१ आहे, आणि ते काढून टाकलं तर तिला उंदराच्या मेंदूत तग धरता येत नाही, कारण तिथे ऑक्सिजन हवेपेक्षा खूप कमी असतो. कॅन्डिडा या रोग करणाऱ्या यीस्टमध्ये यूपीसी२त बदल होऊन ते सतत चालू राहिलं, की एर्ग११ वाढतं आणि फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध चालेनासं होतं. रुग्णालयात औषध का हरलं याचं उत्तर कधी कधी स्टेरॉलच्या त्या खोबणीत असतं.

आपल्याकडे याचा रोजचा उपयोग साखर कारखान्यांना जोडलेल्या डिस्टिलऱ्यांत होतो. मळी आंबवण्याआधी यीस्ट प्रीफर्मेंटरमध्ये वाढवतात आणि तिथे हवा सोडतात. अल्कोहोल तर हवेशिवाय बनतं, मग हवेवर खर्च का, असं नव्याने आलेली मुलं विचारतात. ती हवा स्टेरॉल आणि असंपृक्त मेदाम्लांची पिंपं भरायला असते. पुढे मोठ्या टाकीत हवा नसताना पेशी दुभंगत जातात आणि ही शिदोरी वाटली जात जाते. शिदोरी अपुरी असली तर अल्कोहोल वाढत असताना पटलं टिकाव धरत नाहीत आणि आंबवणं मध्येच रखडतं. बिअर बनवणारेही याच कारणाने सुरुवातीला वर्टमध्ये, म्हणजे आंबवायच्या माल्टच्या रसात, लिटरला ८ ते १० मिलिग्रॅम ऑक्सिजन देतात आणि नंतर मात्र हवेचा थेंबही लागू देत नाहीत.

आता तुमच्या पुढच्या फेरीसाठी. तुलनेची 'हवेतली' फ्लास्क खरोखर हवेत आहे का ते बघा. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये २५ मिलिलिटरच घाला, ५०च्या वर जाऊ नका. ओडी फार चढू देऊ नका, कारण दाट कल्चर शेकरवर असूनही आतून गुदमरलेलं असतं आणि तुमचा शून्य मिनिटाचा नमुनाच अर्धा ऑक्सिजनविरहित निघतो. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज वापरून बघा. ते हवेशिवायही आंबतं, पण श्वसनाची जनुकं इतकी दाबत नाही, मग सीवायसी१ उतरताना दिसेल. नमुना काढताना सेंट्रिफ्यूजपर्यंत चालत जाऊ नका. सुईने थेट बर्फगार मिथेनॉलमध्ये घ्या, नाहीतर वाटेत हवा लागून पेशी उत्तर बदलायला लागतात. नळी सिलिकॉनची असेल तर आजच बदला, आणि एका बाटलीत रेझाझुरिन टाकून ती कायम शेजारी ठेवा.

आणि जमलं तर रॉक्स१ काढलेला वाण हवेत वाढवून त्यात तुमची तीन जनुकं मोजा. माझा अंदाज असा: एएनबी१ पूर्ण उघडं दिसेल, हेम१३ चढलेलं दिसेल, आणि डॅन१ त्यांच्यासारखं उघडणार नाही, कारण यूपीसी२ला ढकलायला लागणारी स्टेरॉलची टंचाई हवेत नसेल.